सूज उतरली

थिएटरात त्यांना सगळे बॅटरीकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि रागाच्या वेळी बायकोच्या तोंडी यायचं, एरवी कुणाला त्याची गरज पडली नाही. सिनेमा सुरू झाल्यावर धावतपळत येणाऱ्या लोकांना अंधारात त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, एवढंच त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पायऱ्या उतरत्या, डोळ्यांपुढे काळोख, आणि पडद्यावर नेमका त्याच वेळी गोळीबार चाललेला, अशात एखाद्या जाडजूड माणसाला चार जणांचे गुडघे ओलांडून जागेवर पोचवायला अंगात कसब लागतं.

पहिल्याच दिवशी मॅनेजरने त्यांना कानमंत्र दिला होता. प्रकाश पायांवर टाकायचा, तोंडावर नाही. अंधारात कोण कुणाच्या शेजारी बसलंय, कोण रडतंय, कोण घोरतंय, हे बघायचा पगार आपल्याला मिळत नाही. काकांनी तो नियम जन्मभर पाळला. इतका पाळला की पुढे पुढे उजेडातसुद्धा त्यांची नजर खालीच असायची. अर्धं गाव त्यांना पायांवरून माहीत होतं. कोण टाच घासत चालतो, कोणाच्या गुडघ्याने दगा दिलाय, कोणत्या नवराबायकोचे पाय पूर्वी एका लयीत पडायचे आणि आता पडत नाहीत. मध्यंतरात ते कँटीनवाल्याला हळूच सांगायचे, "त्या बँकवाल्याला साखर झालीय बघ," आणि काही महिन्यांनी बँकवाला खरोखरच बिनसाखरेचा चहा मागायचा. अशी विद्या अंगात असली की माणसाला थोडी मिजास येतेच. काकांनाही होती.

बायको म्हणायची, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा हे माझ्या चपलांशीच बोलत होते. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. नंतर कळलं, बघत होते मी लंगडते की काय." काका यावर नुसते हसायचे.

साथ आली आणि थिएटरला टाळं लागलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, पंधरवड्याचा प्रश्न आहे. मग मालकाने हात वर केले. घरात बसून बसून काकांची बॅटरी आणि काका दोघंही विझायला आले, तेव्हा सरकारने योजना काढली. बंद पडलेल्या धंद्यांतल्या कामगारांना निम्मा पगार सरकार देणार, पण फुकट नाही. वॉर्ड ऑफिस सांगेल ते काम करायचं. कुणी फवारणीला गेलं, कुणी दवाखान्याच्या दारात ताप मोजायला उभं राहिलं. काकांच्या वाट्याला डबे आले. एकटी राहणारी म्हातारी माणसं, ज्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी होती, त्यांच्या दारी दुपारचं जेवण पोचवायचं. सरकारी योजनांना नावं ठेवायची आपल्याला सवय असते आणि पुष्कळदा ती नावं रास्तही असतात. पण ही योजना नसती तर आमची चूल पेटली नसती, असं काकांची बायको आजही छातीवर हात ठेवून सांगते.

वॉर्डातल्या बाई दोन कानांना दोन फोन लावून बसलेल्या असत आणि त्यांचा घसा कायम बसलेला. पहिल्या दिवशी त्यांनी काकांना समोर उभं करून बजावलं, "डबा काय हो, कुणीही पोचवेल. तुम्हाला पाठवतोय ते माणूस बघायला. माणूस दारात आला पाहिजे, तोंड दिसलं पाहिजे, दोन शब्द बोलला पाहिजे. आजारी वाटला की मला तिथूनच फोन करायचा. मी गाडी पाठवते. यांचं दुसरं कुणी नाहीये, तुमचेच डोळे आहेत."

काकांनी मान डोलावली. डोळ्यांच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवायची गरज नाही, असं त्यांना मनातून वाटलंही असेल.

कामाची पद्धत ठरलेली होती. दारातल्या स्टुलावर डबा ठेवायचा, कडी वाजवायची आणि लांब सरकायचं. चाळवजा इमारतींत सरकणार कुठे? काका जिन्याच्या पाचसहा पायऱ्या उतरून उभे राहायचे. दार साखळीएवढं उघडायचं, एक हात येऊन डबा आत घ्यायचा. खालून बघणाऱ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात मग काय येणार? पाय. तोंडं तशीही फडक्याआड होती. दुपारी वॉर्डातल्या बाईंचा फोन यायचा, "बघितलं सगळ्यांना?" काका म्हणायचे, "बघितलं." आणि त्यांच्या हिशेबाने ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर टायपिंगबाई राहायच्या. खालच्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास असायचा, तो बंद पडून जमाना झाला, पण पाटी तशीच होती. नवरा गेलेला. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर, आणि ते जहाज कुठल्याशा बंदराबाहेर अडकून पडलेलं, कारण कोणताच देश त्यांना उतरू देत नव्हता. बाईंना फोनवरचं ऐकू यायचं नाही, त्यामुळे तो मुलगा रेंज मिळाली की सरळ वॉर्ड ऑफिसला फोन करायचा. आई कशी आहे? वॉर्डातल्या बाई काकांना विचारायच्या आणि काका सांगतील ते जहाजावर पोचायचं.

टायपिंगबाईंचे पाय काकांच्या मनात भरले होते, म्हणजे काळजीने. त्या पुरुषी तपकिरी चपला घालायच्या, बहुतेक नवऱ्याच्या. एका चपलेचा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला. आणि त्या मापाने मोठ्या चपलांतूनही पाय ओसंडून वाहत होते. घोटा कुठे आणि पोटरी कुठे, पत्ता लागत नव्हता. काकांनी पहिल्याच आठवड्यात कळवलं, "पाय फार सुजलेत. लक्षण ठीक नाही." वॉर्डातल्या बाईंनी गोळ्या पाठवल्या आणि म्हणाल्या, "या घरावर जरा जास्त लक्ष ठेवा." मग काका रोज जिन्यातून मोठ्याने विचारायला लागले, कारण जिन्यात घुमलेला आवाज बाईंना ऐकू जायचा.

"बाई, बऱ्या आहात ना?"

"हो," दाराआडून यायचं. दमलेलं, ओढलेलं.

आणि एक दिवस त्याच चपलांत पाय हडकुळे दिसले. घोट्याचं हाड वर आलेलं. पाऊल उचललं जात होतं, घासत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. "बाई, बऱ्या आहात ना?" विचारल्यावर "हो" आलं तेही खणखणीत. काकांना इतका आनंद झाला की ते जिना उतरेपर्यंतही थांबले नाहीत. मधल्या मजल्यावरूनच त्यांनी फोन लावला.

"टायपिंगबाईंची सूज उतरली!"

वॉर्डातल्या बाईंना त्या दिवसांत चांगली बातमी ऐकायची सवयच राहिली नव्हती. "खरंच? नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं. गोळ्या लागू पडल्या. आता काळजी नाही."

बाईंनी बसल्या घशाने जहाजावर स्वतःहून फोन लावला. मुलाने म्हणे तिथल्या सगळ्या खलाशांना सांगितलं, आईची सूज उतरली. त्या रात्री काका घरी दोन घास जास्त जेवले. बायकोला म्हणाले, "थिएटरात उगीच नाही आयुष्य घालवलं."

पुढच्या आठवड्यात एके दिवशी काका डबा घेऊन वर चढले तर साखळी आधीच निघालेली. दार सताड उघडं. दारात तपकिरी चपला, त्यात ते हडकुळे पाय. काकांनी सवयीने विचारलं, "बाई, बऱ्या..."

"काका, आत या ना जरा," पायांची मालकीण म्हणाली. "बाई सकाळपासून हलत नाहीयेत."

काकांनी वर बघितलं. चाळिशीची एक बाई उभी होती. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले. टायपिंगबाईंकडे धुण्याभांड्याला येणारी. तिला काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तिचे पाय मात्र ते आठवडाभर रोज बघत होते.

काकांच्या हातून डबा सुटला नाही की काही नाही. त्यांनी तो नेहमीसारखा स्टुलावर ठेवला आणि पायरीवर बसकण मारली. आत जायला बंदी होती, पण बंदी नसती तरी त्यांना उठवलं नसतं. त्यांनी फोन केला. आजारी माणसाला न्यायला येणार होती ती गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं वर गेली आणि गुंडाळलेलं एक लांबट काहीतरी घेऊन खाली आली. काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या अंगावरूनच ते गेलं. डोक्यापासून पायापर्यंत सगळं बांधलेलं होतं. बघण्यासारखं त्यात काही ठेवलंच नव्हतं.

"काल बघितलं होतं ना तुम्ही?" वॉर्डातल्या बाईंनी फोनवर विचारलं.

"बघितलं होतं," काका म्हणाले.

कामवाली त्या सकाळीच आली असेल असं सगळे धरून चालले. तिला विलगीकरणात नेलं, मग सोडलं. काकांनी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल म्हणून? तेही असेल. पण मुख्य म्हणजे त्यांना ते स्वतःलाच सांगता येत नव्हतं. आपण ज्याची मिजास मिरवली त्यानेच एका म्हातारीचा घास घेतला, हे कुठल्या तोंडाने आणि कुणाला सांगायचं?

चार दिवसांनी वॉर्डातल्या बाईंचा फोन आला. "काका, मुलाला नंबर दिलाय तुमचा. आईला शेवटचं कुणी बघितलं, विचारत होता. बोला हो दोन शब्द. त्याला अंत्यदर्शन नाही, काही नाही. तेवढाच आधार."

मुलाचा आवाज तुटत तुटत आला. मागे इंजिनाची घरघर. "तुम्हीच ना, रोज आईला बघायचात? मी तिला दोन वर्षांत बघितलं नाही. कशी दिसत होती?"

इथे खरं बोलायला हवं होतं. मलाही कळतं आणि काकांनाही कळत होतं. पण समुद्राच्या पार टोकाला एक माणूस फोन कानाला घट्ट लावून उभा आहे, हे दिसत असताना शब्द असे सरळ निघत नाहीत.

"शांत," काका म्हणाले. "अगदी शांत. मी विचारायचो, बाई बऱ्या आहात ना, तर हसून हो म्हणायच्या."

"हसायची?"

"हो तर."

मग तो म्हणाला, "बरं झालं. बरं झालं हसायची ते."

एकदा बोलून प्रकरण संपेल असं काकांना वाटलं होतं. पण जहाजाला रेंज आली की मुलाचा फोन यायचा. तेच तेच परत ऐकायचं असायचं आणि थोडं नवीनही. दारात उन्हाला बसायची का? हो, खुर्ची टाकून बसायच्या. केस पांढरे झाले होते का पूर्ण? कानांपाशी थोडे काळे होते. काका सांगत गेले. सांगायला चेहरा लागतो, तर काकांनी चेहरा केला. कपाळ कुठूनसं आणलं, हनुवटी कुठूनशी, डाव्या गालावर एक तीळसुद्धा ठेवला. पाय बघणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या बारकाईने एक चेहरा पाहिला, आणि तो नव्हताच.

मग तो चेहरा त्यांच्याकडे राहायला आला. सकाळी दाढी करताना आरशात त्यांच्या खांद्यामागे असायचा. बायको ताट वाढायला वळली की तिच्या जागी क्षणभर तो. बोलायचा नाही, रागवायचा नाही, फक्त बघायचा. आणि हसायचा, कारण काकांनीच त्याला हसायला लावलं होतं. काकांना त्या हसण्याची धडकी भरली. रागावली असती तरी चाललं असतं. रात्री ते उठायचे आणि दिवा लावून भिंतीकडे बघत बसायचे.

डब्यांच्या कामावर तर कहरच झाला. काका प्रत्येक दारी तोंड बघितल्याशिवाय हलेनात. "फडकं काढा. पूर्ण काढा. इकडे उजेडात या." म्हातारी माणसं चिडली. एक रिटायर्ड पोस्टमन म्हणाला, "डबा द्यायला आलात की मुलीसाठी स्थळ बघायला?" काका हसले नाहीत. त्याच्या डोळ्यांखालची कातडी, ओठांचा रंग, सगळं नीट बघून मगच खाली उतरले. वॉर्डातल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्याइतकं मनापासून कुणी करत नाही हो." त्या दिवशी काका तसेच घरी आले आणि न जेवता झोपले.

बायकोने काही दिवस बघितलं आणि एकदा फोन ठेवल्या ठेवल्या हटकलं. "टायपिंगबाईंबद्दल एवढं बोलता. बघितलं होतं तुम्ही त्यांना?"

काकांची नजर तिच्या पायांवर गेली.

"मला वाटलंच," ती म्हणाली. आणि तिने पुढे एक शब्दही सुनावला नाही, त्यावरून प्रकरण किती वाईट आहे ते काकांना कळलं. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पोराला खोट्या आईची सवय लावू नका. त्याची खरी होती ना."

खरी कशी होती, हे सांगू शकणारं एकच माणूस होतं आणि ते काकांच्या नाकासमोर निघालं. डबे जिथून यायचे ते स्वयंपाकघर एका बंद शाळेत होतं. तिथेही सरकारी योजनेतलीच माणसं, ज्यांचं काम सुटलंय अशी. मागच्या नळाशी बायका मोठाली पातेली घासायच्या. एकदा काकांनी वाढप्याला मोठ्याने विचारलं, "डबे भरून झाले का?" आणि नळाशी बसलेली एक बाई हातातलं पातेलं टाकून उभी राहिली.

"तुमचा आवाज ओळखते मी," ती म्हणाली.

टायपिंगबाईंच्या दारातला तो चेहरा काकांना आठवला. आता ते चेहरे विसरत नव्हते. दोघं शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर अंतर ठेवून बसले.

"माझी खोली सुटली होती," ती सांगू लागली. "भाडं थकलं, मालकाने बाहेर काढलं. बाई म्हणाल्या, इथेच राहा, मुलाला कळू देऊ नको, तो घाबरेल. मग त्यांना ताप आला. उठवेना. मला म्हणाल्या, माझ्या चपला घाल आणि तू जा दारात. दवाखान्यात नेलेलं कुणी परत येत नाही. आणि मलाही भीती होती, काका. त्यांना नेलं असतं तर घराला सील लागलं असतं. मी कुठे गेले असते?"

"म्हणजे त्यांचीच इच्छा होती," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती, आणि ती त्यांना स्वतःलाच ऐकू आली.

ती ओल्या हातांकडे बघत राहिली.

"आधी होती. शेवटी शेवटी नव्हती. श्वास लागायला लागला तेव्हा म्हणाल्या, बोलव आता त्याला. तुम्हाला. मी म्हटलं, उद्या. उद्या बरं वाटेल." तिने हात पदराला पुसले. "तुम्ही जिन्यातून विचारायचात ना, बाई बऱ्या आहात ना म्हणून? तुमचा आवाज आत यायचा. त्या पलंगावरून उत्तर द्यायच्या. नाही, म्हणायच्या. नाही रे बाबा. जोर नव्हता, खोलीच्या बाहेरसुद्धा जायचं नाही ते. तुमच्यापर्यंत कुठलं जाणार? आणि मी दारातून म्हणायचे, हो."

"किती वेळा?" काकांनी विचारलं.

"रोज," ती म्हणाली आणि पातेली घासायला निघून गेली.

त्या दिवसापासून तो तीळवाला, हसणारा चेहरा आला नाही. त्याच्या जागी काहीच आलं नाही, फक्त बंद दारामागून एक बारीक आवाज, जो काकांनी कधी ऐकला नव्हता आणि आता सतत ऐकू येत होता. नळ सोडला की यायचा. पंखा लावला की यायचा. प्रत्येक जिन्यात, प्रत्येक दारी, "बऱ्या आहात ना" विचारून झालं की माणसाचं उत्तर आलं तरी काका कान देऊन उभेच राहायचे, आत अजून कुणी काही म्हणतंय का म्हणून.

रविवारी दुपारी जहाजाला रेंज आली. बायकोने पंखा बंद केला, दार लोटलं आणि ती समोर येऊन बसली.

"काका," मुलगा म्हणाला, "आम्हाला उतरायची परवानगी मिळतेय. महिन्याभरात येईन. पहिल्यांदा तुम्हाला भेटायला येणार. तुम्ही होतात म्हणून ती एकटी नव्हती." मग नेहमीप्रमाणे लहान मुलासारखं म्हणाला, "ते परत सांगा ना. तुम्ही विचारायचात, बरी आहे का म्हणून. आणि ती?"

काकांनी बायकोकडे बघितलं. सरळ, तोंडाकडे.

"नाही म्हणायच्या," ते म्हणाले.

"काय?"

"मी विचारायचो, आणि तुमची आई आतून नाही म्हणायची. दारात दुसरी बाई उभी असायची, तिच्या चपला घालून. ती हो म्हणायची आणि मी तिचं ऐकून खाली उतरायचो. मी पाय बघितले. तोंड बघायला मला सांगितलं होतं, मी पाय बघितले. तुमच्या आईचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. ऊन, खुर्ची, हसणं, सगळं मी केलेलं."

घरघर चालू होती. फोन कटला की काय म्हणून काकांनी तो कानापासून लांब धरून बघितला. चालू होता. त्यांनी परत कानाला लावला.

"आणि सूज?" मुलाने विचारलं. आवाज इतका हळू की काकांना डोळे मिटून ऐकावं लागलं. "सूज उतरली होती ना?"

"नाही," काका म्हणाले. "उतरली नव्हती."